न बदललेल्या खुब्याची तक्रार

माणसाला जन्मतः दोन खुबे मिळतात आणि पुढची साठेक वर्षं तो त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हृदयावर कविता होतात, डोळ्यांवर गाणी होतात, नाक तर अख्ख्या घराण्याचं असतं. खुब्याचं नाव मात्र तो कामातून गेल्यावरच निघतं. (निवृत्त कर्मचाऱ्यांचंही असंच असतं, पण त्यांना निदान निरोपसमारंभ मिळतो.)

माझ्या आत्याचा उजवा खुबा तिच्या एकोणसत्तराव्या वर्षी गेला. आत्या पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं तक्रार-खिडकीवर होती. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "दिवसाला दोनशे माणसं गाऱ्हाणं घेऊन येतात. घरी आणखी एक कशाला?" निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे, म्हणजे माझ्या आणि माझ्या बायकोच्या घरी राहायला आली. घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला चौतीस पायऱ्या. आत्या रोज सकाळी खाली उतरून कोपऱ्यावरून स्वतःचं वर्तमानपत्र आणायची, कारण घरी टाकलेलं वर्तमानपत्र दुसऱ्याने आधी उघडलेलं असतं असं तिचं मत होतं. (ते खरं होतं. मीच उघडायचो.)

आधी पायऱ्या गेल्या. मग घरातल्या घरात चालणं भिंतीच्या आधाराने सुरू झालं. शेवटी एक दिवस उजव्या पायात मोजा चढेना. खुबा वाकेना, हात पावलापर्यंत पोचेना. माझ्या बायकोने खाली बसून मोजा चढवला. आत्या "थँक्यू" म्हणाली आणि नंतर दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी फोटो बघितला आणि म्हणाले, "सांधा पार झिजलाय. बदलायला हवा. तयार आहात ना?"

"एका पायावर तयार आहे," आत्या म्हणाली. "दुसऱ्यावर उभंच राहता येत नाही."

अशा रीतीने तिचं नाव यादी 'अ'मध्ये गेलं. यादी 'अ' म्हणजे ज्यांचा सांधा पहिल्यांदाच बदलायचा आहे त्यांची यादी. क्रमांक एकशे सत्त्याण्णव.

प्रतीक्षा ही शस्त्रक्रियेची पहिली पायरी आहे, असं त्या इस्पितळाच्या भिंतीवर लिहिलेलं नाही, पण लिहायला हरकत नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रुग्णाने स्वतः खिडकी क्रमांक नऊवर हजर राहून आपण अजून थांबलेलो आहोत असं सही करून कळवायचं. जो तीनदा येणार नाही त्याला आता गरज उरलेली नाही असं समजलं जाई. म्हणजे चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी महिन्यातून एकदा चालत यावं लागे. खिडकी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, पण ती सामानासाठी होती आणि रुग्ण सामानात मोडतो की नाही याबद्दल वरून खुलासा आलेला नव्हता.

मला याचा संताप यायचा. आत्याला येत नसे. ती बाकावर बसून खिडकीतल्या यादीवाल्या बाईंचं काम असं बघायची, जसा जुना तबलजी नव्या पोराचा ठेका ऐकतो.

"बघ, मान वर न करता बोलते," ती मला म्हणायची. "मान वर केली की माणूस दिसतो. माणूस दिसला की कामात चूक होते."

यादीवाल्या बाई प्रत्येकाला "होईल" म्हणत. आत्याच्या मते "होईल" तीन प्रकारचं असतं. लांब "होईऽल" म्हणजे कागद सापडतोय. तुटक "होईल" म्हणजे कागद सापडत नाहीये. आणि हसून म्हटलेलं "होईल हं" म्हणजे कागद कधी नव्हताच. पहिले सहा महिने आत्याला लांब मिळालं, नंतर तुटक.

बाकावर तिच्या शेजारी क्रमांक एकशे शहाण्णव बसायचा. हा घरं रंगवणारा रंगारी. चाळीस वर्षं शिडीवर काढलेली, डावा खुबा गेलेला. नखांच्या कडेला अजून पांढरा रंग होता, काम सुटून वर्ष झालं तरी. माणूस सरळ, इतका की भिंतीला ओळंबा लावायच्या आधी स्वतःला लावत असावा. घरी एकटाच. दुखायला लागलं की तो समोरच्या भिंतीचे पोपडे मोजायचा. "ही भिंत घासली नाही नीट," एवढंच म्हणायचा. आत्या त्याला अर्ध्या सुपारीएवढी का होईना पण नेमकी दाद द्यायची: "घासली असती तर पुन्हा रंगवायचं कंत्राट कसं निघालं असतं?"

असे चौदा महिने गेले. एकशे सत्त्याण्णवावरून नव्वदावर उतरलेला आत्याचा क्रमांक पुन्हा शंभरावर गेला. क्रमांक मागे कसे जातात हे मी विचारलं, तेव्हा यादीवाल्या बाई म्हणाल्या, "मध्ये काही तातडीचे येतात." त्या चौदा महिन्यांत आमच्या माहितीतला एक आमदाराचा मेहुणा तातडीचा होऊन, बरा होऊन, नाचूनही गेला.

मग वर्षअखेर आली. वर्षअखेरीला वरून आदेश आला की एक वर्षापेक्षा जास्त काळ थांबलेले रुग्ण शून्य झाले पाहिजेत. हा आदेश पाळण्याचे दोन मार्ग होते. एका मार्गाला सर्जन, खाटा, सांधे आणि सुमारे आठ महिने लागणार होते. दुसऱ्याला एक शिक्का आणि एक दुपार. कार्यक्षम प्रशासन कुठला मार्ग निवडतं हे सांगायला नको.

आठवड्याने आत्याला पत्र आलं. "अभिनंदन! आपली खुबा-बदल शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. सोबतची अभिप्राय-पत्रिका भरून पाठवावी." पत्रिकेत पहिला प्रश्न होता: शस्त्रक्रियेनंतर वेदना (१) कमी झाल्या, (२) खूप कमी झाल्या, (३) नाहीशा झाल्या. योग्य त्यावर खूण करावी.

माझी बायको म्हणाली, "आत्या, हे वाचून मला रडू येतंय."

आत्याने चष्मा पुसला, पत्र उलटं करून पाहिलं, जावक क्रमांक वाचला आणि म्हणाली, "सुंदर. शिक्कासुद्धा सरळ मारलाय."

त्या संध्याकाळी मात्र ती जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "भूक नाही. ऑपरेशननंतर लागत नाही म्हणतात."

पुढच्या सोमवारी फिजिओथेरपीच्या ताई घरी आल्या. हातात वॉकर, काखेत संडासाच्या भांड्यावर ठेवायची उंच बैठक आणि करू नये अशा गोष्टींचा छापील कागद: पायावर पाय टाकू नये, खाली वाकू नये, बुटक्या खुर्चीवर बसू नये, पाय आत वळवू नये. ताई तरुण होत्या आणि घाईत होत्या.

"आजी, टाके बघू," त्या म्हणाल्या.

"अजून घातलेले नाहीत."

ताईंनी कागद पाहिला, आत्याला पाहिलं, परत कागद पाहिला. "म्हणजे ऑपरेशन झालंच नाही? मग मी काय करू?"

"कागदावर काय लिहिलंय?"

"दहा भेटी."

"मग दहा भेटी करा बाई. तुमचं का अडवायचं?"

ताईंनी खरोखर दहा भेटी केल्या. मांडीचे स्नायू आवळायचे, टाच सरकवायची, वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. आत्या दात ओठ खाऊन सगळं करायची. शेवटच्या भेटीत ताईंनी "रुग्णाची प्रगती समाधानकारक" असा शेरा लिहिला आणि जिन्यात थांबून माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "माझे ज्यांचे खुबे खरंच बदललेत, त्यांच्यापेक्षा या बऱ्या आहेत." वॉकर घरीच राहिला.

इकडे रंगाऱ्यालाही तसंच पत्र आलं होतं. तो सरळ माणूस, त्याने सरळ अर्ज केला: माझं ऑपरेशन झालेलं नाही, चुकीची नोंद दुरुस्त करावी. त्याचा अर्ज आश्चर्यकारक वेगाने, चार दिवसांत मंजूर झाला. नोंद दुरुस्त झाली. ऑपरेशन झालेलं नाही हे मान्य झालं, सबब तो नव्याने नाव नोंदवायला पात्र ठरला. नवा क्रमांक सहाशे एक्केचाळीस.

तो आमच्याकडे ही चिठ्ठी दाखवायला आला. चौतीस पायऱ्या चढायला त्याला पाऊण तास लागला. खुर्चीत बसल्यावर त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हाताने सरळ केली, जणू तिला सुरकुत्या होत्या म्हणून असं झालं.

"खरं तेच लिहिलं मी," तो म्हणाला.

"हो ना," आत्या म्हणाली. "तिथेच चुकलात."

तो गेल्यावर आत्याने एक कोरा कागद मागितला. खिडकीच्या त्या बाजूला तिने एकतीस वर्षं काढली होती. माणसं तिथे रडत, ओरडत, देवाची शपथ घेत आणि यातलं काहीही आवक-नोंदवहीत लिहिता येत नसे. लिहिता येत असे ते फक्त कार्यालयाच्याच शब्दांत आलेलं. तिने लिहिलं:

"आपल्या कार्यालयाच्या नोंदीनुसार माझ्या उजव्या खुब्यात नवीन सांधा बसवण्यात आला आहे. सदर सांध्याने आजतागायत एक दिवसही काम केलेले नाही. तरी त्वरित दखल घ्यावी, ही विनंती."

मी वाचून म्हणालो, "आत्या, अगं हे खोटं आहे."

"कुठला शब्द?"

मी पुन्हा वाचलं. एकही सापडला नाही.

आता यादी 'ब'बद्दल सांगायला हवं. यादी 'ब' म्हणजे ज्यांचा बसवलेला सांधा बिघडला त्यांची. पहिल्यांदा आलेला माणूस थांबला तर तो फक्त थांबतो, त्याचा कोणाला त्रास नसतो. पण इस्पितळाने केलेलं काम बिघडलं आणि तीस दिवसांत निस्तरलं नाही, तर ते प्रमुखांच्या वार्षिक अहवालात लाल अक्षरांत छापलं जातं. त्यामुळे यादी 'ब'मध्ये त्या दिवशी एकूण चार माणसं होती.

अठराव्या दिवशी आत्याला बोलावणं आलं. सर्जन तेच. त्यांनी नवा फोटो उजेडासमोर धरला. आधी डावीकडून बघितला, मग जवळून.

"बाई, यात पूर्वी बसवलेला सांधा दिसत नाही."

"तीच माझी तक्रार आहे," आत्या म्हणाली.

सर्जननी तक्रारीचा कागद वाचला, नोंद वाचली, शिक्का बघितला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समज आली. समज आल्यावर माणूस आधी दाराकडे बघतो, तसं त्यांनी बघितलं.

"हे मी दुरुस्त करायला पाठवू शकतो," ते म्हणाले.

"पाठवा की. बाकावरच्या माझ्या शेजाऱ्यांचं झालं दुरुस्त. सहाशे एक्केचाळीस नंबर मिळाला."

सर्जननी फोटो टेबलावर ठेवला. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं.

"दुखतं का फार?" त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. आत्याने नुसती मान हलवली.

"गुरुवारी या," सर्जन म्हणाले. "रात्रीपासून काही खाऊ नका."

गुरुवारी ऑपरेशन झालं. कंबरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे आत्या जागी होती आणि पडद्यापलीकडचं सुतारकाम ऐकत होती. तिच्या म्हणण्यानुसार करवत बरी होती, हातोडा चांगला होता आणि मध्येच एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "सर, आधीच्या टीमने काय काम केलंय! अगदी जन्मजात वाटतो." त्यावर सर्जन म्हणाले, "बोलू नका, धरा."

अहवालात त्यांनी सत्य तेच लिहिलं: "पूर्वी बसवलेला सांधा आढळून आला नाही." यावरून हरवलेल्या सांध्याच्या चौकशीसाठी तीन सदस्यांची समिती नेमण्यात आली. भांडारपालाला नोटीस गेली. समितीने चार बैठकांनंतर निष्कर्ष काढला की सांधा रुग्णाने घरी नेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आमच्याकडे एक माणूस येऊन कपाटाखाली बघूनही गेला. (त्याला तिथे माझी हरवलेली चप्पल मिळाली. त्याने ती पंचनाम्यात घेतली.)

खरं दुखणं आता सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी उभं केलं तेव्हा आत्याच्या तोंडून असा एक शब्द निघाला जो तिने एकतीस वर्षं फक्त ऐकला होता. घरी आल्यावर फिजिओथेरपीच्या ताईंना फोन केला, तर उत्तर आलं, "त्यांच्या दहा भेटी संपल्यात. शेरा समाधानकारक आहे." वॉकर मागितला, तर तो आधीच दिलेला होता. तेव्हा लक्षात आलं की सरकारने आत्याला सगळं दिलं होतं, फक्त क्रम उलटा लावला होता. आधी बरं केलं, मग कापलं.

बघायला त्रेचाळीस माणसं आली. त्यांतल्या एकोणचाळीस जणांकडे सल्ला होता. सव्वीस जणांच्या नात्यात असं ऑपरेशन बिघडलेलं कोणीतरी होतं आणि त्याची साद्यंत हकीकत ते आत्याच्या खाटेवर बसून, तिच्या पायाला हात लावून सांगत. सात जण बुटकी खुर्ची पुढे करून "बसा ना ऐसपैस" म्हणाले. एका मावशींनी पाय चेपून देते असा हट्टच धरला, तेव्हा माझ्या बायकोने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

आत्या मात्र व्यायाम पाठ असल्यामुळे भराभर सुधारली. वॉकर पुढे, मग नवा पाय, मग जुना. तिसऱ्या आठवड्यात काठी आली. मोजा चढवायला प्लास्टिकचं एक लांब दोरीवालं साधन मिळतं, ते मी आणून दिलं. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली. आम्ही दोघं दाराआड उभे. शेवटी आतून आवाज आला, "चढला. आता काय टाळ्या वाजवायला थांबलाय का?" माझ्या बायकोने खरंच वाजवल्या.

दीड महिन्याने आत्या काठी घेऊन जिना उतरली आणि थेट रंगाऱ्याच्या घरी गेली. मी सोबत होतो, पण मागून. रंगारी खाटेवर पडून होता. घरात भांडी साठली होती.

"यादी ब मध्ये अर्ज करायचा तुमचा," आत्या म्हणाली.

"मला नको ताई. खोटं लिहून मला—"

"खोटं त्यांनी लिहिलं. आपण नुसतं त्यावर बोट ठेवायचं."

"पण माझी नोंद तर त्यांनी रद्द केली. आता बोट ठेवायला तरी काय आहे?"

मला वाटलं, आता आत्याचंही घोडं अडलं. तिने चिठ्ठी मागून घेतली, चष्मा लावला आणि सावकाश वाचली. मग तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्या जुन्या कार्यालयाची दया आली.

"लिही," ती मला म्हणाली. मी लिहिलं:

"आपल्या कार्यालयाने माझ्या डाव्या खुब्यात सांधा बसवल्याचे मला लेखी कळवले होते. त्यानंतर काही दिवसांतच, मला कोणतीही पूर्वसूचना न देता, तो रद्द केला. रद्द करताना भूल दिली नाही."

रंगाऱ्याने तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी ओठ हलत होते. "यात खोटं तर काहीच नाही," तो अखेर पुटपुटला आणि सही केली.

बसवलेला सांधा विनाभूल काढून घेतल्याची तक्रार इस्पितळाच्या इतिहासात पहिलीच होती. प्रमुखांनी ती दोनदा वाचून पाणी मागवलं म्हणतात. रंगाऱ्याचं ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. शिडी चढायला कायमची मनाई आहे, पण हल्ली तो भिंतींचा खालचा अर्धा भाग रंगवतो. वरचा दुसरा कोणीतरी रंगवतो आणि दोन्हींत फरक दिसतो, असं तो स्वतःच सांगतो.

पुढे ही बातमी बाकावर पसरली. बाकावरून जिन्यात आणि जिन्यातून गावभर. जो तो अभिनंदनाच्या पत्राची वाट बघायचा आणि ते आलं की आत्याचा मजकूर उतरवून यादी 'ब'साठी अर्ज करायचा. वर्षाच्या आत यादी 'अ' पूर्ण रिकामी झाली. एकही रुग्ण प्रतीक्षेत नसलेलं इस्पितळ म्हणून प्रमुखांचा सत्कार झाला. यादी 'ब'मध्ये सहाशे बारा माणसं होती, पण सत्काराच्या भाषणात 'ब'चा उल्लेख करण्याची पद्धत नाही.

ही हकीकत मी अनेकांना सांगितली आहे. ऐकणारे आधी हसतात, मग गंभीर होतात आणि मोठ्या आवाजात विचारतात, "ते सगळं ठीक, पण जे बिचारे नियमाने रांगेत थांबले होते, त्यांचं काय झालं?" प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि मला त्याचं उत्तर माहीत आहे. पण मी तोंड उघडेपर्यंत ते दारापाशी गेलेले असतात आणि तिथून हळू आवाजात दुसरा प्रश्न येतो: "अर्जाचा नेमका मजकूर काय होता म्हणालात?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला आजवर कोणी थांबलेलं नाही. तुम्हीही थांबू नका. मजकूर वर दिलेलाच आहे, खिडकी नऊ सकाळी दहाला उघडते आणि तुमच्या पुढे सहाशे बारा जण आहेत. त्यांनाही ही गोष्ट ऐकताना फार हसू आलं होतं.